नरनाळ्याचा महाकाली दरवाजा आणि सत्तेचीं सार्वजनिक स्मारकें

वऱ्हाडांतील मुसलमानी अमदानीचे शिलालेख बऱ्याच अंशीं वाचले गेले आहेत. त्यांतील राजाचें नांव, बांधणाराचें नांव व हिजरी सन एवढें टिपून घेतलें कीं लेखाचें काम झालें, असा आपला बहुधा समज असतो. वंशावळ लावावयाची असेल तर हा समज चालून जातो. परंतु हे लेख कागदावर लिहून दप्तरांत ठेवलेले नव्हते. दरवाज्यावर, बुरुजावर, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या नजरेंत भरतील अशाच जागीं ते मुद्दाम बसविलेले होते. ज्या सत्तेला प्रजेच्या संमतीची गरज नसते, तिला हा खटाटोप कां करावा लागतो, आणि त्यामुळें अशा लेखाच्या साक्षीची किंमत कशी बदलते, ह्याचा विचार नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्याच्या आधारें येथें करावयाचा आहे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारास लागून सोनाळा, हिवरखेड, अडगांव, अकोट असा जो गांवांचा पट्टा पूर्वेकडे जातो, त्याच्या माथ्यावर नरनाळ्याचा किल्ला उभा आहे. आज सोनाळा बुलढाणें जिल्ह्यांत व नरनाळा अकोला जिल्ह्यांत मोडतो. पण जिल्ह्यांच्या ह्या सीमा अर्वाचीन आहेत. अकबराच्या वेळच्या व्यवस्थेंत नरनाळा हें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें नांव होतें, आणि पायथ्याचा हा मुलूख त्या नांवाखालीं येई. तेव्हां सोनाळ्याच्या बाजूनें इतिहास शोधणारास वर डोंगराकडे पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. खालीं गांवांत जो दगड सांपडतो त्याचा संदर्भ पुष्कळदां वरच्या दरवाज्यावर असतो.

शहानूर गांवावरून किल्ल्यावर चढूं लागलें म्हणजे शहानूर दरवाजा व मेहंदी दरवाजा ओलांडून मग महाकाली दरवाजा लागतो. तिघांत हा सर्वांत देखणा. पांढरट वालुकाश्माचें काम, कमानीच्या अंगाला कमळें, वर नक्षीदार कंगणी, दोन्ही बाजूंस पुढें आलेले सज्जे व त्यांना दगडी जाळ्या, आणि ह्या सर्वांवर अरबी लिपींतील सुंदर अक्षरांचा पट्टा. नुसत्या बंदोबस्तासाठीं इतक्या कोरीव कामाची गरज नसते. तोफेपुढें कमळाचा उपयोग काय? हा दरवाजा शत्रूला अडविण्याइतकाच, किंबहुना अधिक, आपल्याच माणसांना दाखविण्यासाठीं बांधलेला आहे, हें प्रथमदर्शनींच लक्षांत येतें.

लेखांतील मजकूर थोडक्यांत असा: शिहाबुद्दीन महमूदशाह बहामनी ह्याच्या कारकीर्दींत फतहुल्ला इमादुल्मुल्क ह्यानें इ. स. १४८७ मध्यें हा दरवाजा बांधला. लेखांत महमूदशाहाची वंशपरंपराही मागें नेऊन सांगितली आहे. एखाद्या विश्वासू सरदारानें आपल्या धन्याचें नांव मोठ्या आदरानें कोरावें, तसेंच हें दिसतें. नवख्या वाचकाची समजूत हीच होईल कीं, १४८७ मध्यें वऱ्हाड बेदरच्या गादीच्या पूर्ण ताब्यांत होतें व इमादुल्मुल्क हा त्या गादीचा नम्र चाकर होता.

आतां त्या काळाची प्रत्यक्ष स्थिति पाहूं. फिरिस्त्याच्या सांगण्याप्रमाणें फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखांतील कानडी हिंदु घराण्यांतला. लहानपणीं लढाईंत कैद होऊन तो वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरीं आला, तेथें मुसलमान झाला व कर्तृत्वानें चढत गेला. महमूद गावान ह्यानें बहामनी राज्याच्या मोठ्या सुभ्यांचे तुकडे केले, तेव्हां वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. त्यांतला गाविलचा भाग फतहुल्लाकडे राहिला. सुभेदारांचें बळ कमी व्हावें हा त्या वाटणीचा उद्देश होता, आणि अर्थातच सुभेदारांना ती रुचली नाहीं. १४८१ मध्यें खोट्या पत्राच्या आळावरून महमूद गावानाचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षीं सुलतानही वारला, आणि बारा वर्षांचा महमूदशाह तक्तावर बसला. तेव्हांपासून बेदरचें तक्त म्हणजे दरबारांतील दक्षिणी व परदेशी पक्षांच्या झटापटीचें मैदान झालें. जुन्नर, विजापूर व वऱ्हाड येथील सरदार आपापल्या मुलखांत मोकळे वागूं लागले होते. १४९० च्या सुमारास तिघांनींही बेदरचें जूं उतरवून टाकलें. इमादशाही, निजामशाही व आदिलशाही ह्यांचा आरंभ तेथूनच धरण्याची रीत आहे.

म्हणजे ज्या सालीं महाकाली दरवाज्यावर धन्याचें नांव कोरलें गेलें, त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत त्याच धन्याची सत्ता फतहुल्लानें झुगारली. दरवाज्याचें काम कांहीं एका आठवड्यांत होण्यासारखें नव्हे. तें चालू असतां बांधणाराच्या मनांत काय घोळत होतें ह्याविषयीं निश्चित विधान करतां येणार नाहीं. परंतु किल्ला बळकट करण्याचा खर्च कोणाच्या भीतीनें चालला होता, हा प्रश्न विचारणें इतिहासकाराचें कर्तव्य आहे. वऱ्हाडास उत्तरेकडून माळवा व खानदेश ह्यांचें भय होतें हें खरें. पण बेदरचेंही भय होतेंच. ज्या राजाविरुद्ध भिंती उभारल्या जात असाव्यात, त्याच राजाच्या नांवानें त्या भिंतींचा दरवाजा शोभविला गेला, असा हा प्रकार दिसतो.

हें ढोंग म्हणून सोडून देणें सोपें आहे, पण तें पुरेसें नाहीं. सुलतानाचें नांव असल्याशिवाय एखाद्या सरदारास आपल्याच बरोबरीच्या दुसऱ्या सरदारांवर, किल्लेदारांवर व हशमांवर हुकूम चालवितां येत नसे. शिपायाचें इमान तक्ताशीं बांधलेलें होतें. फतहुल्लाशीं तें अजून बांधलें जावयाचें होतें. लेखांत तक्ताचें नांव वर आणि बांधणाराचें नांव त्याच्या आश्रयास असें ठेवल्यानें तें इमान हळूहळू एका नांवावरून दुसऱ्यावर सरकविण्याची सोय झाली. उद्यां वरचें नांव गळून पडलें तरी खालचें राहणारच होतें. स्मारक हें सत्तेची वस्तुस्थिति सांगत नाहीं, तर त्या क्षणीं सत्तेस कशाची गरज होती तें सांगतें, असें जें आमचें म्हणणें आहे त्याला ह्याहून स्पष्ट उदाहरण वऱ्हाडांत मिळणें कठीण.

ह्यावरून कालनिर्णयाचाही एक मुद्दा निघतो. इमादशाहीच्या स्वातंत्र्याचें वर्ष म्हणून कित्येक जुन्या वंशावळ्यांत १४८४ दिलेलें आढळतें, तर पुष्कळ लेखक १४९० मानतात. नरनाळ्याचा लेख १४९० च्या बाजूनें साक्ष देतो, आणि तेवढ्यापुरती ती घेण्यास हरकत नाहीं: १४८७ पर्यंत उघड बंड झालेलें नव्हतें. परंतु त्याच लेखावरून “१४८७ पर्यंत वऱ्हाड बेदरच्या हुकमतींत होतें” असें विधान केलें, तर तें लेखाच्या तोंडीं नसलेलें बोलणें त्याच्या पदरीं बांधल्यासारखें होईल. नांव घेणें व हुकूम मानणें ह्यांत त्या काळीं तरी बरेंच अंतर होतें.

येथें कोणी विचारील, हा लेख वाचीत तरी कोण होता? डोंगराच्या पायथ्याच्या कुणब्यास किंवा वर राबणाऱ्या कोरकूस ती लिपि येत नव्हती. हशमांतही वाचणारे थोडेच असतील. आमच्या मतें हा आक्षेपच लेखाचा उद्देश उघड करतो. थोड्या वाचणारांसाठीं मजकूर, आणि न वाचणारांसाठीं केवळ अक्षरांची उंची, दगडाचा शुभ्रपणा व सज्जांचा थाट. मान वर केल्याशिवाय ज्याच्याकडे पाहतां येत नाहीं तें मोठें, ही गोष्ट निरक्षरासही समजते. दरवाजा ही जागा त्यासाठीं फार योग्य, कारण तेथें प्रत्येकास थांबावें लागतें. पाहऱ्याला जबाब देतांना, दिंडी उघडण्याची वाट पाहतांना माणूस जें समोर पाहतो तें त्याच्या मनांत घर करतें.

नरनाळ्याच्या पूर्वेस, मेळघाटांतच, गाविलगड आहे. हा किल्ला अहमदशाह वली बहामनीनें १४२५ मध्यें बांधल्याचें फिरिस्ता लिहितो. नांवावरून पाहतां गवळ्यांचें जुनें ठाणें तेथें पूर्वींपासून असावें असा तर्क सर्वश्रुत आहे, व तो आम्हांस पटतो. नरनाळ्याच्या दरवाज्यानंतर एकाच वर्षानें, म्हणजे १४८८ मध्यें, फतहुल्लानें गाविलगडाची दुरुस्ती केली व फत्ते दरवाज्यावर लेख बसविला. फत्ते हा शब्द बांधणाराच्या स्वतःच्या नांवांतही आहे, हा योगायोग असेल तर तो मोठा सोयीचा योगायोग म्हणावा लागेल.

परंतु गाविलगडावरील खरी बोलकी वस्तु म्हणजे दिल्ली दरवाज्यावरील शिल्पें. तेथें सिंह आहेत, हत्ती आहेत, आणि दोन मस्तकांचा तो गंडभेरुंड पक्षी आहे, जो हत्तींना चोचींत व नखांत धरतो. गंडभेरुंड हें विजयनगरच्या राजांचें प्रसिद्ध चिन्ह. बहामनी राज्याचा जन्मभर ज्या राज्याशीं दावा, त्याचें चिन्ह बहामनी सुभ्याच्या किल्ल्यावर कसें आलें? फतहुल्लाच्या मूळ घराण्याची फिरिस्त्यानें दिलेली हकीकत व हें शिल्प एकमेकांस पुष्टि देतात असें विद्वानांनीं दाखविलें आहे, आणि त्याविरुद्ध म्हणण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. लक्षांत घेण्याजोगें तें हें कीं, अक्षरांतून जें म्हणतां येत नव्हतें तें चित्रांतून म्हटलें गेलें. लेखांत बहामनी सुलतानाची सेवा. शिल्पांत मात्र स्वतःच्या वंशाचा, हत्तीस चिरडणाऱ्या पक्ष्याचा, अभिमान. लेखास कोणी हरकत घेईल अशी भीति असते, पक्ष्यास कोण जाब विचारणार? ठसे घेणाऱ्या मित्रांनीं म्हणूनच केवळ अक्षरांचे ठसे घेऊन परत फिरूं नये. आजूबाजूचें शिल्प हें लेखाचाच भाग समजून त्याचीही नोंद घ्यावी.

इमादशाहीचा शेवटही नरनाळ्यावरच झाला. शेवटचा बुऱ्हाण इमादशाह हा अल्पवयी होता. त्याचा कारभारी तुफालखान ह्यानें सत्ता बळकावून त्यास नरनाळ्यावर अटकेंत ठेवलें. १५७४ मध्यें मुर्तजा निजामशाहानें किल्ला घेतला, व राजा आणि त्याचा कैदी करणारा दोघेही त्याच्या हातीं सांपडले. पूर्वजानें धन्याच्या नांवाचा आडोसा करून जी सत्ता मिळविली, तिचा वारस चाकराच्या कैदेंत त्याच दरवाज्यामागें बसला होता. पुढें तीन वर्षांनीं, १५७७ मध्यें, गाविलगडावर निजामशाही अंमलदार बहरामखान ह्याच्या नांवाचा बुरूज व त्यावर कालश्लेषाचा लेख आला. नव्या मालकानें जुना लेख खरडून काढला नाहीं. आपला दगड शेजारीं लावला. जुना लेख राहूं देण्यांत औदार्य होतें असें समजण्याचें कारण नाहीं. ह्या मुलखाचा आपण रीतसर वारस आहों असें दाखवावयाचें असेल, तर आधीच्या मालकाचीं चिन्हें असलेली बरीं.

बुलढाणें जिल्ह्याच्या दक्षिण भागांत ह्याच जातीचें, पण दगडाशिवायचें, एक स्मारक आहे. तें म्हणजे साखरखेर्डें गांवाचें बदललेलें नांव. ऑक्टोबर १७२४ मध्यें निजामुल्मुल्क व मुबारिजखान ह्यांची तेथें लढाई झाली, मुबारिजखान पडला, आणि निजामुल्मुल्कानें गांवास फत्तेखेर्डें असें नांव दिलें. मुबारिजखानास दख्खनची सुभेदारी देऊन निजामावर सोडण्याची मसलत दिल्लीच्या बादशाही दरबारांतच शिजली होती. तरी विजयानंतर निजामानें काय केलें? मुबारिजखानाचें शिर बादशाह महंमदशाहाकडे पाठविलें, व बंडखोराचा मोड झाल्याबद्दल त्याचें अभिनंदन केलें. दुसऱ्या वर्षीं बादशाहानेंही मुकाट्यानें आसफजाह ही पदवी देऊन झाल्या गोष्टीवर पांघरूण घातलें. हैदराबादच्या राज्याचा पाया येथून धरतात. फतहुल्लाच्या दरवाज्याशीं ह्याचें साम्य विचार करण्याजोगें आहे. धन्याची सत्ता नाहींशी करावयाची ती धन्याच्याच जयजयकारांत, ही दख्खनची जुनी चाल दिसते.

मात्र येथें एक फरक पडला. दरवाजा लोकांस हलवितां येत नाहीं, पण नांव त्यांच्या जिभेवर असतें. सरकारी कागदांत व गॅझेटियरांत फत्तेखेर्डें बराच काळ चाललें. गांवच्या व आसपासच्या माणसांनीं साखरखेर्डें सोडलें नाहीं, आणि आज रूढ आहे तें साखरखेर्डेंच. ह्यांत कोणी बंड केलें नाहीं, कोणी अर्ज केला नाहीं. बाजारहाटाचें नांव बाजारहाटानें सांभाळलें, इतकेंच. एकतंत्री सत्तेच्या स्मारकांची मर्यादा कोठें पडते तें ह्यावरून दिसतें.

इंग्रजांकडे वळतांना प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, वऱ्हाडांत त्यांनीं बांधण्यापेक्षां पाडण्याचा मार्ग अधिक स्वीकारला. नोव्हेंबर १८०३ मध्यें अडगांवच्या मैदानावर आर्थर वेल्झलीनें नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड केला व १५ डिसेंबरास गाविलगड सर झाला. ह्या विजयांची आठवण इंग्रजांनीं शिपायाच्या छातीवर ठेवली: १८५१ मध्यें, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानें, हयात शिपायांसाठीं जें पदक मंजूर झालें त्याच्या पट्ट्यांवर अडगांव व गाविलगड हीं नांवें आहेत. किल्ल्याचें नशीब वेगळें निघालें. १८५८ मध्यें तात्या टोपे ह्या बाजूस येऊन गाविलगडाचा आश्रय घेतील ह्या धास्तीनें त्याचे कोट निकामी करण्यांत आले. उभ्या स्मारकाइतकेंच पाडलेलें स्मारकही राजकीय कृत्य असतें. पुढें तेथें तट कां नाहीं असें विचारणाऱ्या प्रत्येकास उत्तर म्हणून तीच गोष्ट सांगावी लागते.

देशावर मात्र त्यांनीं स्तंभ उभारला. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगांवच्या लढाईचा स्तंभ १८२१ मध्यें पायाभरणी होऊन उभा राहिला. त्यावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत लेख आहे. मराठी लेख कोणासाठीं होता हें उघड आहे: पेशवाई नुकतीच बुडालेल्या प्रांतांतील वाचणारांसाठीं. परंतु त्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत, आणि त्यांत बावीस नांवें महार शिपायांचीं आहेत. कंपनी सरकारच्या मनांतला उद्देश विजयाची द्वाही फिरविण्याचा. पण १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाशीं गेले, तेव्हांपासून तोच दगड ज्यांना पूर्वीं कोणत्याही दगडावर नांव मिळालें नव्हतें त्यांच्या मानाचें स्थान झाला. बांधणाराचा हेतु हा स्मारकाच्या इतिहासांतील केवळ पहिला अध्याय असतो, ह्याचें हें ठळक उदाहरण. ज्यांना केवळ कंपनीचा हेतु दिसतो व ज्यांना केवळ आजचा अर्थ दिसतो, ते दोघेही लेख अर्धाच वाचतात.

ह्याच सरकारचें दुसरें वर्तन पाहिलें तर मौज वाटते. १८१८ मध्यें रायगडावर तोफा डागून तेथील वाड्यांची राख केल्यावर, छत्रपतींच्या समाधीकडे त्यानें पुढें कित्येक दशकें ढुंकूनही पाहिलें नाहीं. १८९५ नंतर लोकांनीं लो. टिळकांच्या पुढाकारानें ती गोष्ट हातीं घेतली. आणि तेंच सरकार १९२१ मध्यें पुण्यास शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याची कोनशिला बसविण्यास युवराजांना घेऊन आलें. पुतळ्याची कल्पना व खटपट राजर्षि शाहू छत्रपतींची होती व तिच्यामागें मराठा संस्थानिकांची खरी भक्ति होती, ह्यांत शंका नाहीं. पण कोनशिलेचा दिवस लक्षांत घ्यावा. १९ नोव्हेंबर १९२१. दोनच दिवसांपूर्वीं युवराज मुंबईस उतरले, तेव्हां असहकारितेचा बहिष्कार व दंगल ह्यांनीं शहर पेटलें होतें. महायुद्धांत मराठा पलटणींनीं रक्त सांडलें होतें. त्यांच्या पूर्वजास वंदन करून त्यांचें इमान आपल्या बाजूस ठेवावें, असा तो डाव होता. वि. पां. करमरकरांनीं घडविलेल्या त्या पुतळ्याचें अनावरण १९२८ मध्यें गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्तें झालें. आज तो पुतळा पाहणारास विल्सनसाहेब आठवत नाहींत.

वऱ्हाडच्या वाट्यास ह्या काळांत आलेला प्रकार त्याहून चमत्कारिक. १८५३ मध्यें निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या कबजांत गेलें, व १९०२ मध्यें सालीना पंचवीस लाख रुपयांवर तें कायम पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिलें. पुढें १९३६ च्या करारानें निजामास “हैदराबाद व वऱ्हाड” ह्यांचा निजाम म्हणविण्याचा मान मिळाला, त्याच्या वडील पुत्रास वऱ्हाडचे युवराज ही पदवी मिळाली, आणि प्रांतांत समारंभप्रसंगीं ब्रिटिश निशाणाबरोबर निजामाचेंही निशाण लागावें असें ठरलें. वसूल व कारभार एकाचा, पदवी दुसऱ्याची. महमूदशाह बहामनीचें नांव जसें महाकाली दरवाज्यावर वर आणि पोकळ राहिलें होतें, तसेंच हें निशाण होतें.

परदेशांतील अलीकडच्या हुकूमशहांनीं हीच विद्या अधिक मोठ्या साधनांनीं चालविली. रोम शहरांत मुसोलिनीनें प्राचीन मंडपांच्या मधून एक रुंद रस्ता काढला. त्यासाठीं मध्ययुगीन वस्ती पाडून तेथील लोकांना उठविलें. स्वतः रोमवर चालून आल्याचा दहावा वाढदिवस म्हणून २८ ऑक्टोबर १९३२ रोजीं तो खुला केला. १९३४ मध्यें त्या रस्त्याकडेच्या एका प्राचीन वास्तूच्या भिंतीवर रोमन साम्राज्याच्या वाढीचे चार संगमरवरी नकाशे बसविले. हबसाण जिंकल्यावर १९३६ मध्यें पांचवा नकाशा आला: मुसोलिनीच्या स्वतःच्या साम्राज्याचा. युद्धानंतर पांचवा काढून टाकला, चार अद्याप आहेत. नरनाळ्याच्या लेखांत पूर्वजांची माळ लावून तिच्या टोंकाला आपलें नांव अडकविण्याची जी युक्ति आहे, तीच ह्या पांच नकाशांत आहे.

आपल्या अधिक जवळचें उदाहरण गोव्याचें. जुन्या गोव्यांतील व्हाइसरॉयांची कमान वास्को द गामाच्या पणतूनें, तो व्हाइसरॉय असतां, १५९९ च्या सुमारास पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. नदीवरून शहरांत येणाऱ्यास तिच्याखालून जावें लागे. म्हणजे येथेंही पुन्हां दरवाजाच. ही कमान १९४८ मध्यें ढासळली. सालाझारच्या सरकारनें ती १९५४ मध्यें नव्यानें बांधून काढली, आणि त्याच वर्षीं दादरा व नगरहवेली त्याच्या हातून गेलीं. सत्ता ढासळूं लागली कीं डागडुजीचा उत्साह वाढतो, असें त्या वर्षावरून वाटल्यावांचून राहत नाहीं. १९६० मध्यें कवि कामोंइश ह्याचा ब्राँझचा भव्य पुतळा तेथील मोठ्या देवळांसमोर उभा राहिला. पुढच्याच वर्षीं, १९ डिसेंबर १९६१ रोजीं, पोर्तुगीज अंमल संपला. १९८० मध्यें त्या पुतळ्यास सुरुंग लावण्याचा प्रयत्न झाल्यावर तो पुरातत्त्वखात्याच्या वस्तुसंग्रहालयांत हलविण्यांत आला. पणजीच्या मंडपांतील आल्बुकेर्कचा पुतळाही तेथेंच गेला, आणि त्या मंडपाच्या जागीं टी. बी. कुन्हा ह्यांचें स्मारक आहे. बिचारा कामोंइश! तो सोळाव्या शतकांतील कवि. सालाझारच्या कामास आपणांस जुंपलें जाईल हें त्याच्या स्वप्नींही नसेल.

पुतळा संग्रहालयांत गेल्यानें तो वांचतो हें खरें, परंतु त्याची साक्ष अर्धी होते. कारण कोणत्या रस्त्याकडे तोंड करून, कोणाच्या डोक्यावर तो उभा होता हें तेथें दिसत नाहीं. शिलालेखाच्या बाबतींत तर हें नुकसान अधिक. सुटा लेख हातीं आला म्हणजे संग्राहकास आनंद होतो, व तो साहजिक आहे. पण महाकाली दरवाज्यावरील पट्टा कोणी काढून आणून कपाटांत ठेवला असता, तर त्यांतून महमूदशाहाचा एकनिष्ठ सेवक तेवढा मिळाला असता. जागेवर तो पाहिला म्हणून कमळें दिसलीं, सज्जे दिसले, शेजारच्या गडावरचा पक्षी आठवला, आणि सेवकाच्या मागचा राजा दिसला. वऱ्हाडच्या खेड्यांत दरवाजे पडत आहेत, त्यांचे दगड विहिरींच्या कठड्यांत व देवळांच्या पायऱ्यांत जात आहेत. जेथें असा लेख आढळेल तेथें तो उपटण्याआधीं त्याची उंची, त्याचें तोंड कोणत्या दिशेस, खालून वाट कोठून कोठें जाते, व आसपास कोणतें शिल्प आहे, एवढें तरी टिपून ठेवावें.

कागदपत्रांच्या संग्राहकांस एक विनंति आहे. जळगांव-जामोद, सोनाळा, अडगांव, अकोट ह्या भागांतील देशमुख, देशपांडे व पाटील घराण्यांच्या दप्तरांत नरनाळ्याच्या किल्लेदारीचे, वराती-ताकिदींचे किंवा वाटखर्चाचे मोडी कागद असतील, त्यांत ह्या दरवाज्याचा उल्लेख कोणत्या नांवानें येतो तें सालवार उतरून घ्यावें. बहामनी लेख धारण करणाऱ्या दरवाज्यास महाकालीचें नांव लोकांनीं कधीं दिलें, हें त्यांतून ठरवितां येण्यासारखें आहे. तसेंच मेहकर व सिंदखेडच्या बाजूच्या दप्तरांत १७२४ नंतर साखरखेर्डें व फत्तेखेर्डें हीं दोन नांवें कोणाच्या पत्रांत कोणतीं येतात, निजामाच्या अंमलदाराच्या कागदांत कोणतें व मराठ्यांच्या मोकाशाच्या कागदांत कोणतें, ह्याचीही यादी झाल्यास फार उपयोग होईल. एकच कागद हातीं असला तरी तो तारखेसह कळवावा.